मोटारीची उंची कमी करणे

मोटारीची उंची कमी करणे म्हणजे सस्पेन्शनचे भाग बदलून मोटारीचा सांगाडा रस्त्याच्या अधिक जवळ आणणे होय. या फेरबदलासोबत बहुधा मोठ्या व्यासाच्या रिम आणि कमी उंचीचे टायर बसवले जातात. शर्यतीच्या मोटारींसाठी उपयुक्त असलेली ही पद्धत रस्त्यावरील मोटारींत हौसेखातरही वापरली जाते.

तत्त्व

वळणावर मोटारीचा भार आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर सरकतो. सरकणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या सम प्रमाणात आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे बुटकी मोटार वळणावर अधिक स्थिर राहते. कार्ट हे याचे टोकाचे उदाहरण होय. कोल्हापूर परिसरात मोहिते रेसिंग अकॅडमीची कार्टिंग धावपट्टी आहे. तेथे धावणाऱ्या कार्टना सस्पेन्शन नसते आणि त्यांचा तळ जमिनीपासून जेमतेम काही सेंटीमीटर उंच असतो. धावपट्टी गुळगुळीत असल्यामुळेच हे शक्य होते.

पद्धती

आखूड स्प्रिंग बसवणे, उंची बदलता येणारे स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांचे एकत्रित संच वापरणे आणि हवेच्या दाबावर चालणारे सस्पेन्शन बसवणे या प्रमुख पद्धती आहेत. मूळ स्प्रिंगचे वेढे कापणे ही सर्वांत स्वस्त, परंतु धोकादायक पद्धत आहे. वेढे कमी झाल्याने स्प्रिंग अधिक ताठ होते आणि चाक खाली लोंबल्यास ती बैठकीतून सुटू शकते. कोणत्याही पद्धतीनंतर व्हील अलाइनमेंट पुन्हा करावे लागते. अन्यथा टायर एका कडेने झिजतात.

चाकांचा आकार

रिम मोठी केल्यास टायरची कड त्या प्रमाणात कमी करून एकूण व्यास कायम ठेवणे आवश्यक असते. १८५/६५ आर १५ या टायरचा व्यास सुमारे ६२२ मिमी, तर २०५/४५ आर १७ चा सुमारे ६१६ मिमी भरतो. फरक एक टक्क्याहून कमी आहे. त्याऐवजी २०५/५५ आर १७ बसवल्यास व्यास सुमारे ६५७ मिमी होतो. मूळ टायरनुसार अचूक असलेला वेगदर्शक अशा वेळी १०० किमी दाखवत असता प्रत्यक्ष वेग सुमारे १०६ किमी असतो. शिवाय उंची कमी केलेल्या मोटारीत असे चाक मडगार्डला घासू शकते. पहिल्या बदलात टायरच्या कडेची उंची १२० मिमीवरून ९२ मिमीवर येते. खड्ड्याचा धक्का झेलणारे रबर व हवा कमी झाल्याने रिम वाकण्याची किंवा टायर फुगण्याची शक्यता वाढते.

रस्त्यावरील परिणाम

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो. २.५ मीटर चाकांतर असलेली मोटार त्यावर मध्यभागी असताना तिच्या तळाखाली चाकांच्या पातळीपेक्षा केवळ ४.६ सेंमी उंचवटा येतो. अरुंद गतिरोधकावर मात्र दोन्ही चाके सपाट रस्त्यावर असतात आणि पूर्ण उंचवटा तळाखाली येतो. असा गतिरोधक १५ सेंमी उंच असल्यास १६५ मिमी तळउंचीची रिकामी मोटार कशीबशी पार होते. ४० मिमी खाली आणलेली मोटार तळाला घासते. इंजिनाखालील ऑइलचे भांडे फुटल्यास वंगण वाहून जाते आणि इंजिन निकामी होऊ शकते. प्रवासी व सामान भरल्यावर तळउंची आणखी घटते. कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्या गगनबावड्याच्या घाटवाटांसारख्या पावसाळी रस्त्यांवर पाण्याखाली दडलेले खड्डे हा धोका वाढवतात.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे फेरबदल करता येत नाहीत. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई कायम ठेवली. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेला फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरबदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.