इशारा नव्या ओळीचा, धोका जुन्या ओळीचाही

भिवंडीत धामणकर नाक्यावरून आत वळले, की यंत्रमागांचा खडखडाट कानी पडतो. बाण्याचा धागा तुटताच माग तिथल्या तिथे थांबावा, अशी सोय त्यात केलेली असते. दोष विणतानाच लक्षात आला तर लगेच दुरुस्त होतो; ताका उतरल्यावर कळला तर कापडाचा भाव पडतो. सॉफ्टवेअर उद्योगालाही हाच धडा गिरवावा लागला.

प्रोग्राम प्रत्यक्ष न चालवता केवळ त्याचा कोड वाचून संभाव्य चुका दाखवणाऱ्या साधनांना 'स्टॅटिक ॲनालिसिस' साधने म्हणतात. अमेरिकेतील बेल लॅब्सच्या स्टीफन जॉन्सन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस 'सी' भाषेसाठी तयार केलेले 'लिंट' हे त्यांपैकी एक आद्य साधन. कापडाला चिकटलेल्या बारीक तंतूंना इंग्रजीत लिंट म्हणतात. नाव त्यावरूनच आले.

इशाऱ्यांचा पूर

अडचण अशी, की वर्षानुवर्षे वाढत गेलेल्या जुन्या कोडवर असे साधन प्रथमच चालवले, तर हजारो इशारे समोर येतात. त्यांतील अनेक निराधार असतात. परिणामी प्रोग्रामर संपूर्ण यादीकडेच पाठ फिरवतात आणि खरा दोष गर्दीत हरवतो.

यावरील उपाय म्हणजे फक्त नुकत्याच बदललेल्या ओळींवरील इशारे दाखवणे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेल्या 'गिट'सारख्या प्रणालीत कोडची प्रत्येक आवृत्ती जतन होते. दोन आवृत्त्यांची तुलना करून बदललेल्या ओळी शोधायच्या आणि उरलेले इशारे झाकून ठेवायचे. मात्र केवळ ओळीचा क्रमांक पाहून भागत नाही. वरच्या बाजूला १० ओळी वाढल्या, की खालचा प्रत्येक जुना इशारा नवा भासतो. त्यामुळे ओळीचा मजकूर आणि तिचा संदर्भही जुळवावा लागतो.

या पद्धतीचा गुण फेसबुकच्या अनुभवातून दिसला. 'इन्फर' या साधनाने काढलेली दोषांची यादी प्रोग्रामरांना स्वतंत्रपणे दिली, तेव्हा जवळजवळ काहीच दुरुस्त झाले नाही. तेच विश्लेषण कोड बदलतानाच दाखवले, तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक दोष दुरुस्त झाले, असे कंपनीच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये नमूद केले.

पुण्यातील संशोधन

तथापि, बदललेली ओळ आणि बाधित ओळ एकच नसते. एका ठिकाणी बदललेल्या आकड्यामुळे दूरवरची, वर्षानुवर्षे न शिवलेली ओळ धोक्यात येऊ शकते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या पुण्यातील संशोधन केंद्रातील तुकाराम मुस्के यांनी नेदरलँड्समधील अलेक्झांडर सेरेब्रेनिक यांच्यासह या प्रश्नावर काम केले. नव्या आवृत्तीवरील सुमारे ९५ टक्के इशारे आधीच्या आवृत्तीतही असतात, असे त्यांच्या २०२२ मधील शोधनिबंधात म्हटले आहे. पण बदलांचा परिणाम न झालेले इशारेच तेवढे वगळले, तर ६३ टक्के उरतात. म्हणून बदलाचा प्रकार पाहून उरलेल्या इशाऱ्यांची सहा वर्गांत विभागणी करून त्यांना अग्रक्रम देण्याची पद्धत त्यांनी मांडली.

जुनी ओळ किती महागात पडू शकते, हे ४ जून १९९६ रोजी जगाने पाहिले. युरोपचे 'एरियान ५' रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. दोष होता 'एरियान ४'मधून जसाच्या तसा घेतलेल्या कोडमध्ये. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता आणि तो आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही.

तेव्हा रोजच्या कामात नव्या ओळींपुरते इशारे पाहणे व्यवहार्य आहेच. पण जुन्यांची नोंद कायम ठेवावी, ठरावीक काळाने संपूर्ण तपासणी करावी आणि कोड नव्या कामासाठी वापरताना गाळणी काढूनच पाहावे. झाकलेला इशारा म्हणजे मिटलेला दोष नव्हे.