डाळ कमी, की भाकरीच कमी?

उत्तर चुकलं तर ते खोडता येतं. पण प्रश्नच चुकीचा विचारला गेला, तर हुशार आणि प्रामाणिक माणसंसुद्धा वर्षानुवर्षं भलत्याच वाटेनं चालत राहतात. भुकेल्या मुलांच्या बाबतीत जगात एकदा असं घडलं. त्याची हकिगत मी आज सांगणार आहे. ती आफ्रिकेत सुरू होते, रोमवरून हैदराबादला येते आणि तिच्यात सातारा जिल्ह्यातल्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. पुण्यात राहून गेलेल्या या माणसाचं नाव आज संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

सिसिली विल्यम्स ही जमैकात जन्मलेली आणि ऑक्सफर्डला शिकलेली डॉक्टर. १९२९ मध्ये ती इंग्रजांच्या ताब्यातल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, सरकारी नोकरीवर गेली. तिथं तिच्यापुढे एक ते चार वर्षांची अशी मुलं येऊ लागली की ज्यांचे पाय आणि चेहरा सुजलेला, केस विरळ आणि तांबूस, कातडी सोलवटलेली, चेहऱ्यावर हसू नाही. सुजेमुळे मूल उलट गुटगुटीत वाटायचं आणि थोड्याच दिवसांत मरायचं. पुस्तकांत हा आजार नव्हता. पण गावातल्या बायकांकडे त्याला नाव होतं. गा नावाच्या तिथल्या भाषेत ते ‘क्वाशिओरकोर’ म्हणत. त्याचा अर्थ, धाकटं भावंडं आलं की पदच्युत झालेल्या मुलाला होणारा आजार.

त्या बायकांनी आजाराच्या नावातच त्याचं कारण सांगून ठेवलं होतं. दुसरं बाळ झालं की पहिल्याचं आईचं दूध तुटतं आणि ते मक्याच्या पातळ पेजेवर येतं. विल्यम्सबाईंनी १९३३ मध्ये या आजारावर लेख लिहिला आणि १९३५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो स्थानिक शब्द जसाच्या तसा वापरला. मक्याच्या आहारात प्रथिनं कमी पडत असावीत, असा त्यांचा अंदाज होता. अंदाज हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. पुढे त्या अंदाजाचा सिद्धान्त झाला आणि सिद्धान्ताचं धोरण झालं.

दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या संस्था स्थापन झाल्या. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी आफ्रिकेत पाहणी करवली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला आणि त्यानं क्वाशिओरकोरवर, म्हणजे पर्यायानं प्रथिनांवर, साऱ्या जगाचं लक्ष खिळवलं. १९५५ मध्ये प्रथिनांवर सल्ला देणारा खास गट स्थापन झाला. मग ‘प्रथिनांची दरी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. श्रीमंत देशांत प्रथिनं भरपूर आणि गरीब देशांत तुटपुंजी, ही दरी भरून काढली की कुपोषण संपेल, असं ते गणित होतं.

दरी भरण्यासाठी काय काय झालं नाही! ग्वाटेमालात मका आणि सरकीचं पीठ मिसळून ‘इन्कापरिना’ तयार झालं. माशांचं पीठ करून पाहिलं. खनिज तेलावर वाढवलेल्या यीस्टपासून प्रथिन मिळवण्याचे कारखाने योजले गेले. १९६४ मध्ये लायसिन हे अमिनो आम्ल जास्त असलेला मका सापडला, त्याचं केवढं कौतुक झालं. आपल्याकडे म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेनं शेंगदाण्याची पेंड आणि हरभरा यांचं पीठ तयार केलं, ‘बालआहार’ आला. अमेरिकेत गोदामं भरून उरलेली दुधाची भुकटीही याच काळात जगभर फिरली. त्यात परोपकार किती आणि शिल्लक मालाची विल्हेवाट किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. १९६८ मध्ये तर ‘येऊ घातलेलं प्रथिनांचं संकट’ टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर काय करावं, याचा अहवालच संयुक्त राष्ट्रांनी काढला.

हे वारं आपल्या गावापर्यंत पोचलं होतं. माझ्या लहानपणी शाळेत मोठ्या पातेल्यात भुकटीचं दूध कालवलं जाई. त्याच्या वासानं निम्मा वर्ग नाक मुरडायचा. घरी कुणी पोर किरकोळ दिसलं की ‘याला प्रोटीन कमी पडतंय’ असं डॉक्टर सांगायचे आणि डबा लिहून द्यायचे. ज्या घरात दोन वेळच्या भाकरीची पंचाईत, तिथंही डबाच. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांना मिलो आणि सुकडी मिळाली. त्या बायकांना मुलाच्या आहारातल्या उणिवेबद्दल विचारलं असतं, तर त्यांनी प्रथिनांचं नाव घेतलं नसतं. ‘पोटाला पुरत नाही,’ एवढंच सांगितलं असतं.

नेमकं हेच आकड्यांच्या भाषेत सांगणारा माणूस म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी त्यांचा जन्म झाला. फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते लंडनला गेले, संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि परतल्यावर शेतीच्या पीकपाहणीला नमुना पद्धतीची शिस्त लावली. १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षं ते रोमला अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जगातली दोनतृतीयांश माणसं भुकेली आहेत, असं त्या वेळी सर्रास म्हटलं जाई. सुखात्म्यांनी १९६१ मध्ये त्याचा हिशेब मांडला. पोटभर अन्नच मिळत नाही अशी माणसं दहा ते पंधरा टक्के; आणि आहाराचा कस नीट नसलेली माणसं धरली तर हा आकडा निम्म्या लोकसंख्येपर्यंत जातो. देशाची सरासरी बघून भूक कळत नाही, त्या सरासरीभोवती माणसं कशी विखुरली आहेत ते पाहावं लागतं, हा त्यांचा मुद्दा होता.

मग त्यांनी हीच पद्धत प्रथिनांना लावली. १९७० मध्ये त्यांनी भारतातल्या आहारपाहण्यांचे आकडे तपासून दाखवलं, की उष्मांक पुरेसे आणि प्रथिनं तेवढी अपुरी, अशी माणसं फारच थोडी आहेत. ज्यांना प्रथिनं कमी पडतात, त्यांना मुळात अन्नच कमी पडतं.

यातली खोच समजायला ज्वारीची भाकरी पुरेशी आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे साडेतीनशे उष्मांक आणि दहा ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे तिच्या उष्मांकांपैकी दहा-अकरा टक्के प्रथिनांतून येतात. आईच्या दुधात हे प्रमाण सहा-सात टक्क्यांच्या आसपास असतं. आता ज्वारीतली प्रथिनं दुधाइतकी कसदार नाहीत, हे खरं. पण सोबत थोडी डाळ असली की ती उणीव बरीच भरून निघते. म्हणजे भाकरी-डाळ पोटभर मिळाली तर प्रथिनं आपोआप येतात. आणि पोटभर मिळाली नाही, तर वरून दिलेली महागडी प्रथिनंही शरीर सरपण म्हणून जाळतं. चुलीला लाकूड नाही म्हणून घरातला सागवानी पाट फोडून घालावा, तसंच हे.

मोठ्या माणसाचं ठीक, पण लहान मुलाची एक अडचण आहे. त्याच्या पोटात एका वेळी वाटीभरापेक्षा फार मावत नाही आणि पेज किंवा पातळ भात म्हणजे बहुतेक पाणीच. दीड वर्षाच्या मुलाला दिवसाचे हजारेक उष्मांक अशा अन्नातून द्यायचे तर पाच-सहा वेळा भरवावं लागतं. सकाळी सातला रोजंदारीवर जाणारी आई पाच वेळा कशी भरवणार? पातळ अन्नात चमचाभर तेल घातलं तर चाळीस-पंचेचाळीस उष्मांक वाढतात. पण ज्या घरात तेल फक्त फोडणीपुरतं असतं, तिथं हा चमचासुद्धा आठवडी बाजाराच्या हिशेबात बसावा लागतो. त्यात जुलाब, गोवर, जंत आले की खाल्लेलं अंगी लागत नाही आणि मुलाची खायची इच्छाही जाते. प्रथिनांच्या डब्यावर यातलं काहीच लिहिलेलं नसे.

सुखात्मे कागदावर जे मांडत होते, ते डॉ. सी. गोपालन हैदराबादला मुलांमध्ये पाहत होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या या संचालकांना दिसलं होतं, की अंगावर सूज येणारी मुलं आणि हाडांचा सापळा होणारी, म्हणजे आपल्याकडे जिला सुकटी म्हणतात ती झालेली मुलं, यांच्या घरचं जेवण सारखंच असतं. मग एकीत प्रथिनांची आणि दुसरीत उष्मांकांची कमतरता, असं कसं म्हणणार? पुढे त्यांनी हैदराबादजवळच्या खेड्यांत एक ते पाच वर्षांच्या मुलांना १४ महिने रोज जादा खाऊ दिला. त्यात गव्हाचं पीठ, साखर आणि तेल होतं. दिवसाला ३१० उष्मांक, पण प्रथिनं अवघी तीन ग्रॅम. तरी मुलांची उंची आणि वजन, दोन्ही इतरांपेक्षा अधिक वाढलं. हा निबंध १९७३ मध्ये छापला गेला. पीठ, साखर, तेल! यासाठी ना कारखाना लागतो, ना परदेशी गोदाम.

त्याच वर्षी अन्न व कृषी आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीनं लहान मुलांची प्रथिनांची गरज नव्यानं ठरवली. चाळिशीच्या दशकात वजनाच्या दर किलोला तीन ग्रॅमहून जास्त सांगितली जाणारी गरज दूध-अंड्यासारख्या चांगल्या प्रथिनाच्या हिशेबानं सव्वा ग्रॅमच्या आसपास आली. ती दरी बरीचशी कागदावरच होती आणि कागदावरच मिटली. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅकलारेन या डॉक्टरनं ‘लॅन्सेट’मध्ये साऱ्या प्रकाराला ‘प्रथिनांचा महाघोटाळा’ अशा अर्थाचं नाव दिलं. १९७७ मध्ये तो सल्लागार गटही बंद झाला. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अंगणवाडीतल्या मुलासाठी तिचं मूळ माप होतं ३०० उष्मांक आणि आठ ते दहा ग्रॅम प्रथिनं.

इथं थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. सुखात्मे थांबले नाहीत. पुण्याला परतल्यावर त्यांनी उष्मांकांच्या मोजणीवरच प्रश्न उभा केला. एकाच माणसाचं खाणं आठवड्या-आठवड्याला बदलतं, आणि ठरावीक मर्यादेत शरीर कमी अन्नातही काम भागवतं. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक माणूस भुकेला धरू नये, असं ते म्हणू लागले. त्याच पुण्यात वि. म. दांडेकर होते. नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये त्यांनी २२५० उष्मांकांच्या आधारे गरिबी मोजली होती. सुखात्म्यांचं मानलं तर कागदावरचे गरीब एकदम कमी होणार होते. १९८१च्या सुमारास दोघांचा ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये जाहीर वाद झाला. गोपालनही आता विरुद्ध बाजूला उभे राहिले. शरीर जुळवून घेतं ते फुकट नव्हे, मूल खेळणं कमी करतं, वाढणं कमी करतं. लहानखुरं असणं गरिबांसाठीच तेवढं चांगलं कसं, असा त्यांचा सवाल होता.

मला या वादात गोपालन आणि दांडेकर यांचं पटतं. मात्र सुखात्म्यांचं एक म्हणणं तेव्हा गदारोळात हरवलं. शुद्ध पाणी आणि स्वच्छता नसेल तर ताटातलं अन्न शरीराला लागत नाही, हे ते आग्रहानं सांगत होते. आणि प्रथिनांचा प्रश्नही पुरता निकालात निघालेला नाही. २०१६ मध्ये मलावीतल्या मुलांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा खुंटलेल्या मुलांत आवश्यक अमिनो आम्लं कमी आढळली. दूध, अंडं, डाळ नकोच, असं कुणी म्हणू नये. भाकरीच्या जागी डबा नको, एवढंच.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के भारतीय मुलं वयाच्या मानानं बुटकी आढळली. २००५-०६ मध्ये ती ४८ टक्के होती. महाराष्ट्राचा बुटकेपणाचा आकडा ३५.२ आहे, आणि उंचीच्या मानानं रोडावलेली मुलं २५.६ टक्के, म्हणजे देशाच्या १९.३ टक्क्यांपेक्षा बरीच जास्त.

बहुधा दर ऑक्टोबरमध्ये जागतिक भूक निर्देशांक जाहीर होतो आणि आपल्याकडे त्यावरून वाद पेटतो. त्या निर्देशांकात चार आकडे असतात. तीन मुलांचे: किती बुटकी, किती रोडावलेली, किती दगावली. चौथा, पुरेसे उष्मांक न मिळणाऱ्या लोकांचा. तो अन्न व कृषी संघटना काढते, आणि त्यामागच्या रीतीचं मूळ बुध गावच्या सुखात्म्यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या हिशेबात आहे.