पुरावा कोणी द्यायचा?

डिसेंबर १९७९ चा शेवटचा आठवडा. तुम्ही बावीस वर्षांचे आहात, गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात शिकता आणि आत्ता नारंगीच्या तेल पंपिंग स्टेशनसमोर रस्त्यावर बसला आहात. ब्रह्मपुत्रेवरून आलेली थंडी हाडांत शिरते आहे. आजूबाजूला मेखला-चादर नेसलेल्या बायका आहेत, कुणाच्या मांडीवर मूल झोपलं आहे. इथून आसामचं कच्चं तेल नळातून बिहारमधल्या बरौनीच्या रिफायनरीकडे जातं. ते अडवायचं ठरलंय. रक्त देऊ, तेल देणार नाही, अशी घोषणा उठते आणि तुमचाही आवाज त्यात मिसळतो.

इथवर तुम्हाला एका मतदार यादीने आणलं. मंगलदैच्या खासदारांचं निधन झालं, पोटनिवडणुकीसाठी याद्या तपासल्या जाऊ लागल्या आणि त्यात परदेशी म्हणून हरकत घेतलेली हजारो नावं निघाली. ८ जून १९७९ ला बारा तासांचा बंद झाला. तेव्हापासून 'आसू' म्हणजे अखिल आसाम विद्यार्थी संघटना सांगेल ते राज्य करतंय. १९८० च्या सुरुवातीला लोकसभेची निवडणूक होईल, तेव्हा आसामच्या १४ पैकी १२ मतदारसंघांत मतदानच होऊ शकणार नाही. चहाच्या टपरीवर कुणी तुम्हाला विचारलं की एवढा राग कशाचा, तर तुम्ही शेजारच्या त्रिपुराकडे बोट दाखवता. तिथले मूळ रहिवासी तुमच्या आईवडिलांच्या डोळ्यांदेखत अल्पसंख्य झाले. आपली भाषा आपल्याच गावात मागे पडेल, आपली शेतजमीन जाईल, विधानसभा दुसऱ्यांच्या मतांवर ठरेल, ही तुमची भीती आहे. मराठी वाचकाला ती फोडून सांगायची गरज नाही, १०५ हुतात्म्यांचा हिशेब आपण अजून विसरलेलो नाही. या भीतीला केवळ द्वेष म्हणून निकालात काढणाऱ्यांशी माझं कधी जुळलं नाही.

आता उठा आणि मागे चला, १९२० च्या दशकात. तुम्ही पूर्व बंगालमधल्या मैमनसिंगचे भूमिहीन शेतकरी आहात. नावेत बायको, दोन मुलं, नांगराचा फाळ आणि तागाचं बियाणं. ब्रह्मपुत्रेच्या पात्रात मधोमध वाळू साठून बेटं तयार होतात, त्यांना चर म्हणतात. तिथे उतरायचं, गवत जाळायचं, ताग पेरायचा. ब्रिटिश सरकारला सारा हवा आहे, कलकत्त्याच्या गिरण्यांना ताग हवा आहे, आणि तुम्हाला पोटापुरती जमीन. तुम्ही कुठलीही सीमा ओलांडलेली नाही, कारण सीमा अजून आखलेली नाही. आसामी शेतकऱ्याची कुरकुर वाढते तेव्हा सरकार गावागावांत रेषा मारतं: रेषेच्या या बाजूला तुम्ही, त्या बाजूला ते. ती 'लाइन सिस्टिम' फारशी पाळली जात नाही. वाद मात्र टिकतो.

१९५१. देश झाला आहे, सीमा झाली आहे. जनगणनेचा माणूस दारात येतो आणि घरातल्या सगळ्यांची नावं एका वहीत उतरवून घेतो. तुम्हाला लिहिता येत नाही, त्याने कसं लिहिलं ते तुम्ही पाहात नाही. वहीचं नाव राष्ट्रीय नागरिक नोंदणी. ६४ वर्षांनी तुमच्या नातीकडे याच वहीतली ओळ मागितली जाईल. तोवर तुम्ही राहिलात तो चर नदीने तीन-चारदा खाल्लेला असेल आणि जमिनीचे कागद पेटीसकट वाहून गेलेले असतील.

२५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी सैन्य रस्त्यावर उतरतं. पुढच्या काही महिन्यांत सुमारे एक कोटी माणसं भारतात येतात. बरीचशी परत जातात, काही राहतात. ही तारीख लक्षात ठेवा.

१८ फेब्रुवारी १९८३. आसामातलं नेल्ली. इथे तुम्हाला कुणाच्या जागी उभं करण्याचा हक्क मला नाही, म्हणून हमरस्त्यावरच थांबा. आंदोलनाने बहिष्कार टाकलेली विधानसभा निवडणूक सरकारने रेटून घेतली आहे. सकाळी चौदा गावांवर चारी बाजूंनी जमाव चालून येतो. दुपारपर्यंत शेतांच्या बांधांवर मृतदेह पडलेले असतात, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं, कारण त्यांना पळता आलं नाही. सरकारी आकडा १,८१९, लोक सांगतात तो याहून खूप मोठा. मरणारे पूर्व बंगालमधून आलेल्या मुसलमान शेतकऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांतले होते, आणि त्यांतले कितीतरी आसामातच जन्मलेले. कोण केव्हा आलं हे त्या सकाळी कुणी विचारलं नाही. या हत्याकांडासाठी आजवर एकालाही शिक्षा झालेली नाही. बेकायदा स्थलांतरावर बोलणाऱ्या प्रत्येकाने, तो कुठल्याही बाजूचा असो, आधी या रस्त्यावर थोडा वेळ उभं राहावं असं मला वाटतं.

त्याच वर्षी केंद्राने फक्त आसामसाठी वेगळा कायदा आणला, लोक त्याला 'आयएमडीटी' म्हणत. तेव्हा देशभर लागू असलेल्या १९४६ च्या विदेशी व्यक्ती कायद्यात, आपण परदेशी नाही हे संशयिताने सिद्ध करायचं असे. या नव्या कायद्याने ते ओझं तक्रारदारावर आणि सरकारवर टाकलं. सुरुवातीला तर तक्रारदार संशयितापासून ३ किलोमीटरच्या आत राहणारा हवा, अशी अट होती. निरपराध माणसाला संरक्षण मिळावं हा हेतू चांगला होता. पण शेजाऱ्याचा शेजाऱ्याविरुद्ध दावा, वर फी, वर प्रतिज्ञापत्र, असं करायला कोण पुढे येणार?

१४ ऑगस्ट १९८५ ची रात्र, दिल्ली. तुम्ही गृह मंत्रालयातले टंकलेखक आहात, हातात शेवटचा मसुदा. केंद्राच्या वतीने सही करणारे गृहसचिव आर. डी. प्रधान. हे आपले राम प्रधान, एके काळचे यशवंतराव चव्हाणांचे सचिव, आणि पुढे २६/११ नंतर मुंबईच्या चौकशी समितीचे अध्यक्ष. समोर आंदोलनाचे नेते प्रफुल्लकुमार महंत, भृगू फुकन आणि बिराज शर्मा, सगळे तरुण. पंतप्रधान राजीव गांधींच्या उपस्थितीत सह्या होतात आणि सकाळी लाल किल्ल्यावरून करार जाहीर होतो. १ जानेवारी १९६६ पूर्वी आलेले राहतील. त्यानंतर २४ मार्च १९७१ पर्यंत आलेल्यांची नावं दहा वर्षं मतदार यादीतून जातील. २५ मार्च १९७१ ला किंवा नंतर आलेल्यांना शोधायचं, यादीतून काढायचं आणि बाहेर घालवायचं. तडजोड म्हणून ती शहाणपणाची होती: आंदोलकांनी १९५१ नंतरचं वीस वर्षांचं स्थलांतर पचवलं, सरकारने पुढची मर्यादा मान्य केली. पण बाहेर म्हणजे कुठे आणि कसं, याचा आराखडा तुमच्या हातातल्या कागदांत नाही. आयएमडीटीच्या अडचणींचा योग्य विचार केला जाईल, एवढं एक वाक्य आहे. महंत त्याच डिसेंबरात मुख्यमंत्री झाले, पुन्हा १९९६ मध्येही झाले. कायदा तसाच राहिला.

जुलै २००५, सर्वोच्च न्यायालय. 'आसू'चे माजी अध्यक्ष सर्वानंद सोनोवाल यांच्या याचिकेचा निकाल. तुमच्यापुढे सरकारचेच आकडे आहेत: २००० सालापर्यंत ३,१०,७५९ चौकशा, बेकायदा ठरले १०,०१५, प्रत्यक्ष बाहेर गेले १,४८१. न्यायालय कायदा रद्द करतं. पुराव्याचं ओझं एका झटक्यात दुसऱ्या टोकाला जातं.

त्या दुसऱ्या टोकाला आता तुम्ही उभ्या राहा. २०१८. तुमचं वय पन्नासच्या पुढे, गाव बारपेटाकडचं. हातात नोटीस, परदेशी कोण हे ठरवणाऱ्या विदेशी न्यायाधिकरणाची. तुम्ही कुठल्या आधारावर संशयित आहात, हे तिच्यात धड लिहिलेलं नाही. तुमचा जन्म घरात झाला, शाळेत गेला नाहीत, लग्न अठराच्या आत. मतदार यादीत पहिल्यांदा नाव आलं ते नवऱ्याच्या गावात. लग्नाआधी तुमच्या नावापुढे खातून लागत असे, मग बेगम झालं, नवरा गेल्यावर बेवा. तीन कागद, तीन नावं, आणि वय प्रत्येकात वेगळं, कारण यादी करणाऱ्याने अंदाजाने लिहिलं. वडील १९६६ च्या यादीत आहेत, पण त्यांची मुलगी तुम्हीच, हे सांगणारा कागद ग्रामपंचायतीच्या दाखल्याशिवाय दुसरा नाही. वकिलाची फी द्यायला गाय विकली. तारखेला पोचला नाहीत तर एकतर्फी निकाल. १९८५ ते फेब्रुवारी २०१९ या काळात असे एकतर्फी परदेशी ठरवलेले जवळपास ६४ हजार लोक आहेत.

३१ ऑगस्ट २०१९. आसामात नव्याने केलेल्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागते. ३ कोटी ३० लाखांहून जास्त अर्ज, आत ३,११,२१,००४, बाहेर १९,०६,६५७. जुलै २०१८ च्या मसुद्यात बाहेर ४० लाख होते. सेवा केंद्राबाहेर आज कुणीच समाधानी नाही. आंदोलनातून आलेल्यांना आकडा फार लहान वाटतो. भावाचं नाव आत आणि बहिणीचं बाहेर, अशी घरं रडत आहेत. वगळलेल्यांत बंगाली हिंदू आहेत, गोरखा आहेत, आसामच्या स्थानिक जमातींचेही लोक आहेत. डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा येतो, शेजारच्या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या मुसलमानेतरांना वाट करून देतो, आणि गुवाहाटी पुन्हा पेटते. तिच्या दृष्टीने करारातली तारीख धर्म पाहून मोडली गेली होती.

आता परत या, महाराष्ट्रात. जून २०२५, मीरा रोड. तुम्ही मुर्शिदाबादहून आलेले गवंडी आहात. बोलणं बंगाली, हातात आधार कार्ड. पोलीस उचलतात आणि काही दिवसांत तुम्ही सीमेपलीकडे ढकलले गेलेले असता. पश्चिम बंगाल सरकार कागद दाखवतं तेव्हा परत आणलं जातं. असं खरोखर घडलं, एकापेक्षा जास्त मजुरांच्या बाबतीत.

मला यातून दिसतं ते स्पष्टच लिहितो. आपल्या भूमीवर कोण येतंय हे विचारण्याचा देशाला हक्क आहे आणि आसामची तक्रार खरी होती. ती चाळीस वर्षं टोलवणाऱ्या सरकारांनीच तिचं विष होऊ दिलं. पण तक्रारदारावर सगळं ओझं टाकून फारसं कुणी सापडलं नाही, आणि आरोपीवर सगळं टाकल्यावर सापडले ते ज्यांच्याकडे कागद नव्हते ते. आधी सरकारने संशयाचा आधार दाखवावा, मग माणसाने उत्तर द्यावं, हा क्रम हवा. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामच्याच एका खटल्यात हेच म्हटलं: हाताशी काही आधार असल्याशिवाय कुणावर बोट ठेवता येणार नाही, आणि स्पेलिंगमधल्या किरकोळ फरकाने कुणी परदेशी ठरत नाही. जो खरोखर बेकायदा आलाय त्याला परत पाठवायचं तर दुसऱ्या देशाने त्याचा पत्ता पडताळून स्वीकारायला हवा. रात्री कुंपणापाशी नेऊन सोडणं म्हणजे परत पाठवणं नव्हे. तुमच्या वस्तीत माणसं उचलून नेणारा ट्रक आला, तर कुठल्या आधारावर नेताय, एवढं तरी विचारा.

आसामच्या यादीतून वगळलेल्या १९ लाख लोकांना नकाराचा लेखी कागद अजून मिळालेला नाही, आणि तो मिळाल्याशिवाय त्यांना अपीलही करता येत नाही.