वाढते वय आणि चेहऱ्यांची स्मृती : विसरण्यापेक्षा चुकीच्या ओळखीचा धोका मोठा

वय वाढले की माणसे चेहरे विसरू लागतात, हा समज अर्धाच खरा आहे. दीर्घ परिचयातले चेहरे वृद्धांच्या स्मरणात बहुधा पक्के असतात. अडचण येते ती नव्याने आणि थोडाच वेळ पाहिलेल्या चेहऱ्यांबाबत. त्यातही पाहिलेला चेहरा न ओळखण्याच्या चुकीपेक्षा कधीही न पाहिलेला चेहरा ‘पाहिलेला आहे’ असे वाटण्याची चूक अधिक ठळकपणे वाढते. घरात ही चूक हसण्यावारी नेली जाते; पोलीस तपासात आणि न्यायालयात मात्र तिच्यावर एखाद्याचे स्वातंत्र्य अवलंबून असू शकते.

नवे चेहरे लक्षात ठेवण्याची क्षमता इतर अनेक बौद्धिक क्षमतांपेक्षा उशिरा परिपक्व होते. लॉरा जर्मिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० हजारांहून अधिक व्यक्तींच्या चाचण्यांवर आधारलेले संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध केले. ही क्षमता वयाच्या तिशीनंतर लगेचच्या काळात शिखरावर पोहोचते, असे त्यात आढळले; नावे ओळखण्याच्या चाचणीतील वाढ त्याच्या कितीतरी वर्षे आधीच थांबलेली होती. त्यानंतरची उतरण संथ असते आणि उतारवयात ती जाणवू लागते.

जुन्या चेहऱ्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॅरी बाह्रिक यांच्या गटाने १९७५ मध्ये १७ ते ७४ वर्षे वयाच्या ३९२ व्यक्तींना त्यांच्या शालेय वर्गमित्रांची छायाचित्रे दाखवली. शाळा सोडून ३५ वर्षे उलटल्यावरही सुमारे ९० टक्के चेहरे त्यांनी अचूक ओळखले. वर्षानुवर्षे, निरनिराळ्या प्रसंगी पाहिलेला चेहरा स्मृतीत खोल रुजतो. समोरच्याचे नाव ओठांवर येऊन अडणे हाही निराळा प्रकार आहे. तेथे चेहरा ओळखलेला असतो, केवळ त्याच्याशी जोडलेला शब्द सापडत नाही.

चुकीच्या ओळखीचे मूळ स्मृतीच्या दोन घटकांमध्ये शोधले जाते. एक म्हणजे परिचयाची भावना : ‘यांना कुठेतरी पाहिले आहे’. दुसरा घटक तपशिलाचा : कुठे, केव्हा, कोणत्या प्रसंगी. वयानुसार दुसरा घटक लवकर दुबळा होतो, पहिला बराच टिकून राहतो. मग एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या चेहऱ्यात ओळखीची छटा दिसली, तर ती खोडून काढायला तपशील उरत नाही. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संकुलातील जेम्स बार्टलेट यांच्या प्रयोगांत वृद्धांकडून अशा चुका तरुणांपेक्षा अधिक झाल्या. मेंदूतही बदल दिसतो. चेहरे पाहताना विशेष सक्रिय होणारा फ्युसिफॉर्म भाग उतारवयात चेहरा आणि इतर वस्तू यांत पूर्वीइतका काटेकोर भेद करत नाही, असे डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले. मोतीबिंदू आणि मंद प्रकाशात कमी दिसणे यांची त्यात भर पडते. शिवाय माणूस आपल्या वयोगटातील चेहरे तुलनेने चांगले लक्षात ठेवतो. वृद्ध फिर्यादी आणि तरुण आरोपी अशा प्रकरणात ही बाबही फिर्यादीच्या विरोधात जाते.

हे सारे सामान्य वार्धक्याचे परिणाम आहेत, आजाराचे नव्हेत. पती-पत्नी, मुले, शेजारी यांचे चेहरे ओळखू येईनासे झाले, तर मात्र वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासात मांडण्यात आला.

तपासातील ओळख परेडला आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७ चा आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ चा आधार आहे. परेडमधील ओळख हा स्वतंत्र पुरावा नसून न्यायालयात पटवलेल्या ओळखीला ती केवळ पुष्टी देते, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलनुसार एका आरोपीसोबत किमान सहा जणांना उभे करावे लागते. परेडपूर्वी आरोपीचा चेहरा झाकून ठेवण्यामागेही ठोस कारण आहे : साक्षीदाराने तो चेहरा ठाण्यात किंवा छायाचित्रात पाहिला, तर परेडमध्ये वाटणारी ओळख गुन्ह्याच्या वेळची की छायाचित्रातली, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. वृद्ध साक्षीदाराबाबत हा धोका दुर्लक्षिण्याजोगा नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१४ च्या अहवालात काही साधे उपाय सुचवले आहेत. परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला संशयित कोण हे ठाऊक नसावे, साक्षीदारांना प्रमाणित सूचना द्याव्यात आणि ओळख पटवताना त्यांना वाटणारी खात्री त्याच क्षणी त्यांच्याच शब्दांत नोंदवावी. ‘गुन्हेगार या रांगेत नसूही शकतो’ ही सूचना वृद्धांसाठी विशेष मोलाची आहे, कारण कुणाला तरी निवडलेच पाहिजे या दडपणाखाली परिचयाची अस्पष्ट भावनाही पुरेशी वाटू लागते.

ओळख पटवणारी व्यक्ती मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या दिव्यांग असल्यास कलम ५४ नुसार ही प्रक्रिया न्यायदंडाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, त्या व्यक्तीला सोयीच्या पद्धतीने होते आणि तिचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण केले जाते. वयाचा उल्लेख मात्र या कलमात नाही. त्यामुळे सत्तरीतील धडधाकट साक्षीदाराला ही तरतूद आपोआप लागू होत नाही.