डॉक्टरी सोडून कुंचला धरणारा गोमंतकीय

म्हापशाहून पणजीला जाताना पर्वरी लागते. नोकरीनिमित्त ही वाट आम्ही वर्षानुवर्षे तुडवली; पण तिथल्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आपल्याच मातीतील एका थोर चित्रकाराचा ठेवा आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले.

आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली तिसवाडीतील सांत इस्तेव बेटावर झाला. डॉक्टर होण्यासाठी ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले, पण मन चित्रात गुंतलेले. वैद्यकी सोडून त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्ट गाठले आणि पुढे शांतिनिकेतन. तेथे अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस असे गुरू लाभले.

गोव्यात परतल्यावर त्यांनी मेरीमातेला साडी नेसवली. पोर्तुगीज अमलात हे रुचले नाही, टीका झाली. गाव सोडून ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि चित्रे काढीत राहिले. गोवा १९६१ साली मुक्त झाला. ते मात्र १९६७ साली पुण्यातच निवर्तले. पत्नीने जपलेली चित्रे पुढे पर्वरीस आली. माणूस परतला नाही, चित्रे परतली.

माटोळीखाली आपल्याच मातीचा देव पुजणाऱ्या आपल्याला त्यांची ओढ समजायला हवी. घरोघरी मुलांना डॉक्टर करण्याची घाई आहे. चवथीला एखादे मूल गणपतीचे चित्र काढीत बसले, तर त्याला अभ्यासाला उठवण्याआधी आपण ते चित्र एकदा नीट पाहू या.