तिऱ्हाइताचा हक्क आणि जळगांवचा कापूस

जळगांवच्या कापसाचा इतिहास लिहिणारे बहुधा अमेरिकेंतील यादवी युद्धापासून आरंभ करतात, व तें योग्यच आहे. 1861 ते 1865 या काळांत लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हां जळगांव ही कापसाची मोठी पेठ बनली. युद्ध संपतांच भाव कोसळले. परंतु या तेजीमंदीच्या मागें एक कायद्याचा प्रश्न उभा होता, त्याजकडे क्वचितच कोणाचें लक्ष गेलें आहे. दोघांनीं केलेल्या करारावर तिसऱ्याला, ज्याच्याकरितां तो झाला त्यालाही, हक्क सांगतां येतो काय?

विलायतेंत याचें उत्तर त्याच 1861 सालीं मिळालें. ट्वेडल विरुद्ध अ‍ॅटकिन्सन या खटल्यांत वराच्या व वधूच्या पित्यांनीं नवऱ्या मुलाला कांहीं रक्कम देण्याचा परस्परांशीं करार केला होता. त्याला स्वतः दावा लावतां यावा, असेंही त्यांत लिहिलें होतें. सासरा पैसे न देतांच वारला. जांवई न्यायालयांत गेला तेव्हां त्याला सांगण्यांत आलें कीं, मोबदला तुम्हीं दिलेला नाहीं, सबब हक्कही नाहीं.

आमच्याकडे 1872 च्या करार कायद्यानें मोबदला दुसऱ्या कोणीं दिला तरी चालेल अशी सोय केली. तथापि करारांत नसलेल्या माणसाची अडचण राहिलीच. तींतून वाट काढली ती एका सुनेनें. 1877 सालीं आपल्या अज्ञान मुलांचा विवाह ठरवितांना वराच्या पित्यानें वधूच्या पित्याशीं करार केला कीं, सुनेला पानदानाच्या खर्चाकरितां दरमहा 500 रुपये मिळावे. त्याचा बोजाही ठराविक मिळकतीवर ठेवला. 1910 सालीं प्रिव्ही कौन्सिलनें हुसैनी बेगमच्या बाजूनें निकाल दिला. जेथें आईबापच मुलांचे विवाह ठरवितात, तेथें विलायतेचा नियम जसाच्या तसा लावणें अन्यायाचें होईल, असा त्याचा आशय होता.

आतां बाजाराकडे वळूं. बाहेरगांवचा व्यापारी आपला सौदा मुंबईच्या अडत्याला कळवीत असे. कच्चा अडत्या निव्वळ मध्यस्थ. तो दोन्ही पक्षांची गांठ घालून देतो व बाजूला होतो. पक्का अडत्या तसा नव्हे. 1905 सालीं भगवानदास विरुद्ध कानजी या खटल्यांत मुंबई उच्च न्यायालयापुढें बाजारच्या साक्षी झाल्या, व सर लॉरेन्स जेन्किन्स यांनीं वहिवाट नमूद केली ती अशी कीं, बाहेरगांवचें गिऱ्हाईक आणि मुंबईचा व्यापारी यांच्यांत करारसंबंध मुळींच उत्पन्न होत नाहीं. अडत्यानें तुमच्या सांगण्यावरून घेतलेला सौदा उलट सौदा करून मिटवून टाकला, तरी तुमची तक्रार चालत नाहीं. तुम्हांला जबाबदार तो एकटा. 1918 सालीं प्रिव्ही कौन्सिलनेंही ही वहिवाट मान्य केली. विलायतेचे न्यायाधीश तर्कानें जेथें पोंचले, तेथें आमच्या पेढ्या अनुभवानें पोंचल्या होत्या!

यांत सोय होती. मुंबईचा अनोळखी व्यापारी बुडाला तरी जळगांवकराला त्याची झळ नाहीं. पण अडत्याच बुडाला, तर पलीकडच्या व्यापाऱ्याच्या दारांत उभें राहण्याचा अधिकारही नाहीं. हा धोका व्यापाऱ्यानें उघड्या डोळ्यांनीं पत्करला होता. सुनेला कोणीं विचारलेंच नव्हतें. कायद्याचीं पुस्तकें येथें बोजा, न्यास वगैरे भेद सांगतात. माझ्या मतें दोन्ही निकालांतील खरा भेद या विचारण्या-न विचारण्याचा आहे.

मग गाडी भरून कापूस आणणारा शेतकरी कोठें बसतो? मुंबईच्या भावावर त्याचें वर्ष ठरे, परंतु त्या भावाच्या कोणत्याही सौद्यांत त्याचें नांव नसे. त्याचें साम्य व्यापाऱ्याशीं नाहीं, सुनेशीं आहे. इंग्लंडनें 1999 सालीं स्वतंत्र कायदा करून तिऱ्हाइताला हक्क दिला. आमच्या सर्वोच्च न्यायालयानें 1969 सालीं चॅको खटल्यांत जुना नियम अपवादांसह पुन्हा सांगितला. खानदेशच्या शेतकऱ्याला जें मिळालें तें निराळ्या वाटेनें, 1927 च्या मुंबई कापूस बाजार कायद्यानें. धुळ्याचा बाजार त्याखालीं आलेल्या आरंभीच्या बाजारांपैकीं होय. काटा आणि दलाली यांवर देखरेख आली. मुंबईच्या सौद्याशीं त्याचें नातें होतें तसेंच राहिलें.