शेतकऱ्याच्या नावावरची गळती

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ अनेक वर्षे आपली वीजगळती 20 टक्क्यांच्या आत असल्याचे सांगत असे. शेतीपंपांपैकी पुष्कळांना मीटरच नव्हते. हिशेबात न जुळणारी वीज पंपांच्या नावे लिहिली की जमाखर्च मिळे! 1999 मध्ये वीज नियामक आयोग स्थापन झाला. मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची ‘प्रयास’ यांसारख्या संस्था ग्राहकांच्या वतीने सुनावणीस उभ्या राहिल्या आणि या आकड्यांचा आधार विचारू लागल्या. 2000 च्या दरनिश्चितीत गळती 30 टक्क्यांवर निघाली. बिचारा शेतकरी! न वापरलेल्या विजेचा बोल त्याने इतकी वर्षे सोसला. ग्राहकांचा प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार पुढे 2003 च्या वीज कायद्यातही आयोगांना मिळाला.